कपारीतलं हॉटेल

"घरं संपली व्हय गं लोकांची?" आईनं जीपमध्ये मला पुन्हा विचारलं. डोंगराच्या पोटातल्या हॉटेलात लोक हौसेनं राहायला येतात, यावर तिचा विश्वासच बसेना.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. माझे मिस्टर तेव्हा घोडेगावात ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये होते आणि कंपनीनं त्यांना या हॉटेलातलं दोन दिवसांचं राहणं बक्षीस दिलं होतं. त्यांना रजा नव्हती, आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती. मी म्हटलं, मग मी आईला नेते. तिचे गुडघे फार दुखायचे. तिथं तेल लावून अंग रगडून देतात असं कागदावर छापलं होतं. फुकटचं मिळतंय तर का सोडा?

"त्याला स्पा म्हणतात," मी तिला समजावलं.

"तेल रगडायला डोंगर पोखरला? उंदीर तरी निघाला का?"

ड्रायव्हर हसला, मीही हसले. आमची आई बोलण्यात कुणाला ऐकायची नाही. उमेदीची सगळी वर्षं तिनं मेंढ्यांमागं काढली. दिवाळी झाली की वाडा निघायचा. वाडा म्हणजे मेंढ्या, घोड्यावर लादलेला संसार आणि बरोबर चालणारी घरची माणसं. जुन्नरवरून माळशेज घाटानं कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आत पुन्हा वर यायचं. मी शाळेसाठी मामाकडं असायचे, त्यामुळं ती वाट मी कधी पायाखाली घातली नाही. नव्वदनंतर कधीतरी मेंढ्या विकल्या, माळावरच्या शेतात भावानं विहीर घेतली आणि आईचं चालणं थांबलं. त्यानंतर ती या बाजूला आलीच नव्हती.

डिंगोरे गाव मागं पडलं आणि आई गप्प झाली. मला वाटलं, गाडी लागली. मी आवळासुपारी पुढं केली, तर तिनं हात बाजूला सारला. गाडी डांबरी सोडून डोंगराकडं वळली तेव्हा ती पुढच्या सीटला धरून बसली होती.

हॉटेल छान होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. कड्याला जुन्या कपारी होत्या, त्याच आत कोरून खोल्या केल्या होत्या. समोर भिंतभर काच, काचेपलीकडं धरणाचं पाणी आणि त्यामागं निळ्या डोंगरांची रांग. मी पलंगावर बसून गादी दाबून बघत होते. आई काचेपाशी उभी होती.

"ही आपली जागा हाय," ती म्हणाली.

"कुणाची?"

"हितं वाडा पडायचा आपला. घाट उतरायच्या आधीचा मुक्काम. त्यो उंबर बघ, त्याला घोडी बांधायचो." मग माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "तुझ्या आधी एक झाली व्हती मला. ह्याच कड्याला, पलीकडच्या कपारीत. पाचवीबी पुजली न्हाई तिची. त्याच्या आतच गेली."

मला आधी काही कळलंच नाही. मी थोरली होते. जन्मभर थोरली म्हणून बोलणी खाल्ली होती, थोरली म्हणून धाकट्यांना वाटून उरलेलं घेतलं होतं. आणि ही बाई आज, एका हॉटेलच्या खोलीत, मला सांगत होती की मी थोरली नव्हतेच.

"आणि इतकी वर्षं तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"काय सांगायचं? नावबी ठेवलं नव्हतं, मग कुणाचं म्हणून सांगायचं?"

मी पलंगावरून उठले आणि काचेपाशी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

आई सांगत गेली. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. माझ्या आजीनं कपारीच्या मागच्या कोपऱ्यात खड्डा केला, वर दगड ठेवला आणि दगडाला शेंदूर फासला. म्हणाली, शेंदरी दगडाला माणूस पाय लावत नाही आणि कुणी उचलतही नाही. दुसऱ्या दिवशी वाडा हलला. मेंढरं कुणाच्या दुःखासाठी थांबत नाहीत, त्यांना चारा लागतो. आईला घोड्यावर बसवलं, पण ती घाटात उतरून चालायला लागली. पुढं दर वर्षी जाताना आणि येताना ती त्या दगडावर मेंढीच्या दुधाची धार सोडायची. वडील बघायचे आणि बघितलं नाही असं करायचे.

"आता त्यो दगड हाय का न्हाई, तेवढं बघाया पाह्यजे," आई म्हणाली. "मशीन लावलं असंल ह्यांनी. मशीनला शेंदूर काय कळतोय?"

एवढा डोंगर कोरणाऱ्यांनी एक दगड ठेवला असेल? मी काउंटरवर जाऊन पलीकडच्या कपारीत काय आहे ते विचारलं. तो माणूस अदबीनं म्हणाला, "मॅडम, तीच आपली स्पाची गुहा. आजींचं नाव लिहू का?" मी म्हटलं, लिहा.

दुपारी गेलो. आत गवती चहाचा वास होता आणि कुठूनतरी बासरी वाजत होती. खाली काळी गुळगुळीत फरशी. ती फरशी बघूनच मला वाटलं, संपलं सगळं. आईचा दंड मी घट्ट धरला. उगाच आणलं हिला, घरी गुडघे चोळत बसली असती तरी बरं, असं वाटत होतं. ती मात्र कोपऱ्यात उभ्या केलेल्या वेताच्या पडद्याकडं बघत होती.

तेल लावणारी बाई आसपासच्याच गावातली होती. आईची नजर बघून तिनं स्वतःहून पडदा सरकवला.

"तिकडं आमची देवी हाय, आजी."

सगळी भिंत सरळ होती आणि तिथंच तेवढी आत वळली होती. फरशीही त्या जागेपर्यंत येऊन थांबली होती. मोकळ्या मातीत एक दगड होता. त्याला नव्या शेंदराचा जाड लेप, चांदीचे डोळे, हिरवा खण आणि झेंडूची फुलं.

"काम चालू व्हतं तवा घावली," बाई सांगत होती. "साहेब म्हणला, उचला. पर गड्यांनी कुदळी खाली टाकल्या. देवाच्या दगडाला कोण हात लावील? मग भिंतच वळवली राव! आमी समदी सकाळी हिच्या पाया पडूनच कामाला लागतो. लई जागृत हाय. मला लेकरू व्हत नव्हतं. हिला नवस बोलले, औंदा पोरगी झाली."

मी बोलायला तोंड उघडलं. या बाईला खरं काय ते सांगावं असं मला फार वाटत होतं. आईनं माझा हात असा दाबला की बांगडी मनगटात रुतली. मग मी बोलले नाही. खाली बसून त्या दगडापुढं डोकं टेकवलं आणि पोटभर रडून घेतलं. बाईला वाटलं, माझं काही मागणं असेल.

"आजी, तुमी बी पाया पडा की," ती म्हणाली.

आई पुढं गेली. गुडघे वाकत नव्हते, तरी भिंतीला धरून खाली बसली. पण तिनं हात जोडले नाहीत आणि डोकंही टेकवलं नाही. दोन्ही तळवे तिनं त्या दगडावरून अलगद उतरवले, स्वतःच्या कानशिलांवर नेले आणि कडाकडा बोटं मोडली.

बाई चकित झाली. "अगं बया! आजी, देवीची कुणी दिष्ट काढतं व्हय?"

"एवढी माणसं बघत्यात रोज," आई म्हणाली. "लागती तिला."