रत्नम्माच्या पेल्यातले चिंचोके

यांच्यापासून मी आयुष्यात एकच गोष्ट लपवली, ती ही. सांगावंसं कितीदा वाटलं — पण दर वेळी दुसराच विषय काढला. आज तुमच्यापाशी बोलतेय, बघू कितपत जमतं.

नव्वदच्या दशकातलं आहे. आम्ही तेव्हा कानडी मुलखात, मल्लेश्वरमला राहायचो, हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर. आमच्या महिला गटातर्फे मी दर शनिवारी दुपारी पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका शाळेत वस्तीतल्या बायकांचं चर्चासत्र घ्यायची. पाणी, कचरा, रेशन — दर आठवड्याला एक प्रश्न. चार लोकांत उभं राहून बोलायला शिकवायचं. वस्तीचं पुढारपण तुमच्यातूनच यायला हवं, हे माझं आवडतं वाक्य. कितीदा ऐकवलं असेल!

रत्नम्मा तिथल्याच एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला होती. एका शनिवारी मी पाण्याची तक्रार कुठे, कशी करायची ते फळ्यावर लिहून समजावत होते. ती उठली. म्हणाली, तुम्ही मागे सांगितलंत तशी मी गेले होते अक्का, त्या ऑफिसात तक्रार घेतच नाहीत, पंपाजवळच्या माणसाला गाठावं लागतं. मग अगदी सहज म्हणाली, ‘तुमच्या घरी रोज पाणी येतं ना? तुम्हाला कसं ठाऊक असणार?’ सगळ्या हसल्या. मीही हसले. दुसरं काय करणार होते?

पुढच्या महिन्यात पाणीखात्याच्या साहेबांशी बोलायला एक प्रतिनिधी निवडायची होती. उभ्या दोघी — रत्नम्मा आणि विमला. विमला शिकलेली, थोडं इंग्रजी येणारी, मी सांगेन तेच बोलणारी. लिहिता न येणाऱ्या बऱ्याच जणी होत्या, म्हणून फळ्यामागे दोघींच्या नावाचे दोन स्टीलचे पेले ठेवले. एकेकीने जायचं, हवा त्या पेल्यात चिंचोका टाकायचा. कुणाला वाईट वाटू नये म्हणून आकडे सांगायचे नाहीत, असं मीच आधी ठरवलं होतं. मोजायलाही मी एकटीच.

रत्नम्माचा पेला जवळजवळ भरला होता. विमलाच्या पेल्यात तळाशी चार-पाच.

मी बाहेर आले आणि विमलाचं नाव सांगितलं.

साहेबांपुढे इंग्रजी लागेल, असं मी मनाशी म्हटलं — नाही, तेही खरं नाही. ते घरी येताना बसमध्ये सुचलं. त्या क्षणी मला फक्त तो हशा आठवत होता. मला तिला खाली बसवायचं होतं.

वर्गातल्या निम्म्याहून जास्त बायका रत्नम्माच्या गल्लीतल्या. सगळ्या पांगल्यावर ती माझ्यापाशी आली. ‘अक्का, आमच्या गल्लीतल्यांनीसुद्धा नाही?’

तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी म्हणाले, ‘नाही गं.’

‘सरी अक्का,’ म्हणजे ‘बरं अक्का’, एवढं म्हणाली आणि माझी सतरंजी घडी करून देऊन गेली.

आठवड्याने तिच्या गल्लीतल्या दोघी पत्ता शोधत घरी आल्या. रत्नम्माने सगळ्यांशी बोलणं टाकलं होतं. पाण्याला त्यांच्या रांगेत न थांबता लांबच्या नळावर जात होती. त्या म्हणाल्या, आम्ही देवाची शपथ घेऊन सांगितलं, तिलाच दिलं म्हणून, पण ती ऐकत नाही, तुम्ही सांगा. मी म्हणाले, चिंचोक्यावर नाव थोडंच असतं, कुणी कुणाला दिलं मला काय कळणार? त्यातली धाकटी रडायला लागली.

‘आम्हालाच खोटारड्या म्हणते,’ ती म्हणाली. ‘म्हणते, अक्का कशाला खोटं बोलेल?’

मी दोघींना कॉफी करून दिली. त्या कप विसळून, माझे आभार मानून गेल्या. रत्नम्माकडे मी गेले नाही. त्या आठवड्यात नाही, नंतरही कधी नाही.