कासवाची सपाट रेघ

माझा धाकटा दीर प्राणिसंग्रहालयात प्राण्यांच्या वजनांचे आलेख काढतो. एका कागदावर सहा चौकटी, वर तीन, खाली तीन, आणि प्रत्येकीत एका प्राण्याची वर्षभराची रेघ. चौकटींमधलं अंतर केसभर चुकलं तर त्याला जेवण जात नाही. स्वतःच्या शर्टाची बटणं मात्र वरखाली लावून कामावर जातो.

यंदा वार्षिक बैठकीचा कागद करताना त्याला न्यायाचा झटका आला. सगळ्या चौकटींना उभी पट्टी एकच, शून्य ते पाच हजार किलो. हत्ती असो की कासव, माप सारखं. त्यासाठी आलेख काढणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये फक्त एक शब्द बदलावा लागला, हे त्याने मला तीनदा सांगितलं. मी म्हटलं, छान.

बैठकीला कासव सांभाळणारे काका समोरच बसले होते. त्यांच्याच मुलीला मागणी घालायला आम्ही रविवारी जाणार होतो, आणि आमच्या दिराचा सगळा जीव त्या मुलीत अडकलेला.

साहेबांनी कागद पाहिला. हत्ती डौलात, पाणघोडा झोकात, कासवाची चौकट मात्र रिकामी वाटत होती. सहाचं सात किलो झालेलं कासव पाच हजारांच्या पट्टीवर तळालाच चिकटणार, दुसरं काय होणार? साहेबांनी विचारलं, कासव तसूभर वाढलं नाही, मग रोजची टोपलीभर गाजरं जातात कुठे? सगळ्यांच्या नजरा काकांच्या सुटलेल्या पोटाकडे वळल्या. काकांना उद्यापासून सापांकडे पाठवा, असं साहेब म्हणाले. काका तर गांडुळालाही घाबरतात.

दिराच्या तोंडचं पाणी पळालं. गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण तो उठला.

"साहेब, चूक माझी आहे. कासव वाढलंय. मीच त्याला हत्तीच्या पट्टीवर मोजलं."

मग तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून त्याने तो शब्द पूर्ववत केला. प्रत्येक चौकटीला आपापली पट्टी मिळाली आणि कासवाची रेघ भिंतीवरच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यातून थेट वरच्या कोपऱ्यात गेली. साहेब घाबरून म्हणाले, काकांना कासवाकडेच राहू द्या, पण याचा आहार जरा कमी करा. काका त्या रेघेकडे बघत राहिले. घरी येऊन दिराने हे सांगितलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

रविवारी आम्ही पगार, घर, शिक्षण, सगळ्यांची उत्तरं पाठ करून गेलो. काकांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"'चूक माझी आहे' असं तुम्ही चारचौघांत म्हणालात," ते म्हणाले. "लग्नानंतर घरात जमेल?"

"जमेल," दीर म्हणाला.

आतून मुलीचा आवाज आला, "बाबा, लिहून घ्या."

मी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो एकदम छताचा पंखा न्याहाळायला लागला.