कुलूपबंद कुरण

फोन बिरमतीचा आला, हॉस्पिटलचा नव्हे. "मीना भाभी, जल्दी आओ, डाक्टरनी जी सड़क पे पड़ी हैं..." एवढंच ती बोलली आणि मग नुसतं म्हशींचं रेकणं ऐकू येत राहिलं. मी आणि माझा नवरा सुहास अंगावरच्या कपड्यांनिशी धावलो. जानेवारीतली सकाळ, सोसायटीच्या मागचा रस्ता धुक्यात बुडालेला. वन्संचं डोकं मांडीवर घेऊन बिरमती डांबरावर बसली होती, म्हशी त्यांच्याभोवती आडव्यातिडव्या उभ्या होत्या आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. हॉर्न! ज्याने धडक दिली तो गाडीतून उतरून सगळ्यांना एकच सांगत होता, "कोहरा था जी, दिखीं ही नहीं." दिसावं म्हणूनच त्या लालभडक शाल पांघरून कळपाच्या मागून चालायच्या. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. महिना उलटून गेला. लोक अजून 'ॲक्सिडेंट' म्हणतात. मी म्हणत नाही.

डॉ. सुलभा म्हणजे माझी थोरली नणंद. परभणीला जनावरांची डॉक्टर झाल्या आणि केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीत आल्या. करोल बागेत एक खोली घेऊन एकट्या राहिल्या, लग्न केलं नाही, आणि धाकट्या भावाला शिकायला आपल्याजवळ बोलावून घेतलं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासू नव्हती, वन्संच होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हे बघ मीना, मला स्वयंपाक येत नाही, तुला बैल आवरता येत नाही. बरोबरी झाली. चलो, चहा टाक." पुढे त्यांचं सारं आयुष्य ऑफिसात चाऱ्याच्या योजना लिहिण्यात गेलं. गायीम्हशी कागदावरच जास्त भेटल्या, याची खंत त्या बोलून दाखवत नसत. पण सुट्टीच्या दिवशी यमुनेच्या काठावर म्हशी बघायला आम्हाला घेऊन जात. इतर घरांतले लोक मॉलला जायचे...

निवृत्तीनंतर आम्ही फरीदाबादच्या टोकाला एकाच टॉवरमध्ये दोन फ्लॅट घेतले. त्यांनी मागच्या बाजूचा घेतला. बिल्डरचा माणूस म्हणाला, "मॅडम, पार्क फेसिंग लीजिए, पीछे तो कुछ भी नहीं है." मागे गावाचं कुरण होतं. अरवलीच्या उतारापर्यंत पसरलेली हराळी, मधे किकराची, म्हणजे बाभळीची, झाडं, पावसाळ्यात साठणारं एक तळं, आणि सकाळ-संध्याकाळ बिरमतीच्या नि तिच्या दिरांच्या म्हशी. या माणसाला तिथे काहीच दिसत नव्हतं! वन्सं बाल्कनीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बस, हाच."

बिरमतीशी ओळख झाली ती भांडणातून. या बाई टॉवरमधून उतरून आपल्या म्हशीचं तोंड उघडून दात बघतायत, हे तिला मुळीच रुचलं नाही. "खरीदनी है के?" तिने विचारलं. "नहीं, उमर देख रही हूँ. तुम्हारी भी बता दूँ?" वन्सं म्हणाल्या. त्यावर बिरमती जी हसली, ती पुढे रोज संध्याकाळी यांच्यासाठी बाजेवर जागा ठेवू लागली. मग एका थंडीत तिची म्हैस कुरणातच अडली. रेडकू आडवं आलेलं. सोसायटीच्या कुंपणाशी माणसं मोबाइल धरून उभी. वन्संनी स्वेटर काढून फेकला, खांद्यापर्यंत हात साबणाने माखला आणि मान न वळवता ओरडल्या, "फिल्म मत बनाइए! गरम पानी की बाल्टी लाइए कोई!" बाल्टी मी नेली. बाकी कोणी हललं नाही. रेडकू बाहेर आलं तेव्हा त्यांनी त्याला आपल्या पानिपतच्या नव्याकोऱ्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि मला म्हणाल्या, "नोकरीत असताना हे एकदाही करायला मिळालं नाही गं." त्या वेळी इतक्या खूश दिसत होत्या की मला ब्लँकेटबद्दल बोलवेना.

त्या व्हिडिओंचं काय झालं? सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार झाली. वास येतो, माश्या होतात, मुलांनी हे असलं का बघावं. दूध मात्र बिरमतीचंच हवं होतं, ताजं, दारात. काही महिन्यांनी कुरणाभोवती भिंत उठू लागली. हरित पट्टा होणार होता, देखभाल सोसायटीकडे. आत जॉगिंग ट्रॅक, शोभेची झाडं, बाहेरून आणलेली लॉन. हो, गवत उपटून लॉन! सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, वेस्टलैंड पड़ी थी. अब हरियाली आएगी." वन्सं उठल्या. "रोज सत्तर जनावरं जिथे पोट भरतात ती जमीन पडीक कशी?" हे त्या संतापाच्या भरात मराठीतच बोलून गेल्या आणि मग हिंदीत पुन्हा म्हणाल्या, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. लोक घड्याळ बघत होते.

त्या ऑफिसांचे उंबरठे झिजवू लागल्या. मेट्रोने जायच्या, बरोबर कधी बिरमती, कधी मी. एका ऑफिसात त्यांच्या हाताखाली काम केलेला माणूस आता खुर्चीत होता. त्याने चहा मागवला, पाया पडला आणि म्हणाला, "मॅम, आप तो सिस्टम जानती हैं." त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पर्स सोफ्यावर आपटली. "जानती हूँ! तेच तर दुःख आहे. याला ड्राफ्टिंग मीच शिकवलं, मीना. गुरांना चराई हवी असं मी जन्मभर लिहीत आले, आणि माझ्या खिडकीखालचं कुरण मला राखता येईना..." एवढ्या खटपटीतून मिळालं काय, तर भिंतीत एक गेट. सकाळी कळप आत जाईल, दुपारी बाहेर येईल. दिवाळीनंतर लॉन खराब होते म्हणून त्यालाही कुलूप लागलं. किल्ली सोसायटीच्या ऑफिसात. मग म्हशींना डोंगराकडच्या उरल्यासुरल्या गवतावर न्यायला एकच वाट राहिली, गाड्यांचा रस्ता. वन्सं म्हणाल्या, "पुढे बिरमती चालेल, मागून मी. म्हातारीला बघून तरी गाड्या थांबतील." सुहासने परोपरीने सांगितलं, ताई, धुकं आहे, नको जाऊस. "मग किल्ली आणून दे," त्या म्हणाल्या. तो गेलाही मागायला. साहेब नाहीत, उद्या या, असं उत्तर घेऊन आला.

शोकसभा क्लबहाउसमध्ये ठेवली. फोटोला मोठा हार, पांढऱ्या चादरी, भजनाचं रेकॉर्डिंग. सेक्रेटरी डोळे पुसत म्हणाले की डॉक्टर मॅडमना हरियालीचं फार वेड होतं, म्हणून नव्या पार्कला त्यांचं नाव देतोय. टाळ्या... शोकसभेत टाळ्या! तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. बिरमती खाली गेटवर उभी होती. गार्ड आत सोडत नव्हता, लिस्टमध्ये नाव नाही म्हणून. मी उतरले, तिचा हात धरला आणि शेणाने भरलेल्या चपलांसकट तिला पहिल्या रांगेत आणून बसवलं. मग म्हणाले, "उस दीवार पर उनका नाम नहीं लगेगा. पहले ताला खोलिए." कुणीतरी पुटपुटलं, भाभीजी इमोशनल आहेत. होय, आहे. माणूस मेलंय आमचं.

तरी आठवड्याभरात पाटी लागलीच. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं. सुहास उभ्या आयुष्यात कुणाशी चढ्या आवाजात बोललेला नाही, रिक्षावाल्याशीही नाही. तो भर दुपारी पाना-पकड घेऊन गेला आणि गार्डसमोर पाटीचे चारही बोल्ट काढले. गार्ड म्हणाला, "साहब, परमिशन?" सुहास म्हणाला, "मेरी बहन है." दगड उचलून त्याने ऑफिसच्या टेबलावर ठेवला आणि घरी येऊन प्रथमच रडला. पाटी परत लागली नाही. पण कुलूपही निघालं नाही. बिरमतीच्या दिरांनी म्हशी विकल्या. तिच्या स्वतःच्या थोड्या उरल्या आहेत आणि त्या अजून त्याच रस्त्याने जातात. आता मागून मी चालते.

एक सांगायचं राहिलं. वन्संनी सगळ्या टॉवरला एक सवय लावली होती. मटाराची सालं, कोबीचा पाला, गाजराचे शेंडे कचऱ्यात टाकायचे नाहीत, त्यांच्या दाराबाहेरच्या कापडी पिशवीत टाकायचे. संध्याकाळी त्या म्हशींकडे न्यायच्या. फ्लॅट बंद आहे, पण पिशवी मी काढलेली नाही आणि लोकही सालं टाकायचे थांबलेले नाहीत. परवा सेक्रेटरींची बायको मटार सोलून आली होती. मला बघून गहिवरून म्हणाली, "भाभीजी, ये बंद मत करना. दीदी की निशानी है." मी म्हटलं, "छिलके मैं रोज ले जाऊँगी. चाबी भी इसी थैली में डाल दीजिए." तिने लिफ्टचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी पिशवीत सालंच होती. तरी म्हशींपुढे टाकण्याआधी मी रोज ती पूर्ण उलटी करते, झटकते, आणि आत हात घालून कोपरे चाचपते.