व्हिएन्नातला रविवार आणि आजोबांचे बूट

बाळांनो, तुम्ही दोघं शनिवार-रविवार गाठून प्रागला निघाला आहात, असं तुमची आई फोनवर म्हणाली. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. बॅग आपली आपल्याला उचलेल एवढीच भरा. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या कप्प्यात ठेवा. दोन दिवसांत एकच गोष्ट नीट पाहायची असं ठरवा. बाकीचं शहर कुठे पळून जात नाही. आणि जुने बूट घालून जाऊ नका. हे शेवटचं जरा विस्ताराने सांगायला हवं.

आम्ही तेव्हा दुबईत, देरा भागात राहत होतो. ईदची सुट्टी जोडून आली आणि आम्ही व्हिएन्नाला गेलो. माझी तिथली एकच इच्छा होती. शाळेत आमच्या इंग्लिशच्या बाई तबकडीवर ऑर्केस्ट्रा ऐकवायच्या. तेव्हापासून मला तो एकदा समोर बसून ऐकायचा होता. रविवारी सकाळच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं मी फॅक्स पाठवून राखून ठेवली होती.

निघताना आजोबांनी थंडीचे जाड बूट चढवले. ते कधीकाळी पुण्याहून आणलेले आणि तेव्हापासून कपाटावर पिशवीत पडलेले. दर उन्हाळ्यात आम्ही एसी बंद करून भारतात यायचो, तेव्हा त्या बंद घरात ते बूट आपले भाजून निघत होते.

"अहो, सोबत चपलाही घ्या," मी म्हटलं.

"युरोपात चपला? काहीतरीच तुझं!"

शुक्रवारी सकाळी पोचलो तर रस्त्यात गर्दी, दुकानं उघडी. दुबईत शुक्रवारी दुपारची नमाज होईपर्यंत सगळं सामसूम असायचं. आजोबा एकदम खूश. "बघ, सुट्टीच्या दिवशीसुद्धा उघडी! मेहनती लोक आहेत."

"अहो, यांची सुट्टी शुक्रवारी नसते."

"तेच म्हणतोय मी. मेहनती आहेत."

शनिवारी सकाळी राजवाड्याच्या बागेत त्यांच्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला. पाऊल उचललं की जबडा उघडायचा, टेकलं की मिटायचा. बागेच्या फाटकासमोरच बुटांचं दुकान होतं.

"आत्ताच घेऊन टाका," मी म्हटलं.

"आत्ता राजवाडा. बूट उद्या सकाळी, कार्यक्रमाला जाता जाता. उद्या रविवार, वर्किंग डे."

आणि मीही मान डोलावली. दुबईत इतकी वर्षं रविवारी डबा भरून त्यांना ऑफिसला पाठवत आले होते, मला तरी दुसरं काय सुचणार!

संध्याकाळपर्यंत डावा बूटही गेला. आमच्यामागे फुटपाथवर काळ्या तिळांसारखा चुरा सांडत होता. रविवारी सकाळी खाली पाहिलं तर रस्ता रिकामा, सगळी दुकानं बंद. आजोबा मोज्यांवरच हॉटेलच्या काउंटरवर गेले.

"दुकानं बंद का?"

"आज रविवार आहे ना," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"म्हणूनच तर विचारतोय! किती वाजता उघडतात?"

"उद्या."

"खलास," आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले. "तू जा एकटी. मी खोलीत बसून तू आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खातो."

एकटीने मला जायचं नव्हतं, आणि कार्यक्रम चुकवायचाही नव्हता. मी खोलीत येरझाऱ्या घालू लागले. तेवढ्यात बाथरूमच्या दाराशी हॉटेलच्या पांढऱ्या कापडी सपाता दिसल्या. मी त्या त्यांच्या पायांत सरकवल्या आणि वरून त्यांचे लांब काळे मोजे ताणून चढवले.

"हे काय केलंस?"

"लांबून बूटच दिसतात."

"आणि जवळून?"

"जवळ कुणाला येऊ देऊ नका. चला, यल्ला!"

टॅक्सीने थेट दारात उतरलो. आतल्या संगमरवरावर आजोबा चालत नव्हते, तरंगत होते. मी त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला. दारावरच्या माणसाने त्यांच्या पायांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग माझ्या कांजीवरम साडीकडे पाहिलं, आणि हा आमचा पोशाखच असावा असं समजून तिकिटं फाडली.

ऑर्केस्ट्रा सुरू झाला. तबकडीवर कधी न ऐकू आलेली वाद्यं एकेक करून वेगळी होऊ लागली. शेजारी आजोबा दोन्ही पायांनी जोरजोरात ठेका धरत होते, पण आवाज कसला तो नव्हता. मध्येच माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "छान आहे गं. बूट घालून इतकं आरामात ऐकता आलं नसतं."

मी त्यांना चिमटा काढला. मला पुढचं ऐकायचं होतं.