ओठ हलवायचे नाहीत

किंजल धनमेहेर रागावली की तिचा आवाज चढत नाही, ती अचूक बोलू लागते. तिची आई हंसा रागावली की घरात भांडी वाजतात. शेजारची काशीबाई रागावली की खाडीपलीकडच्या माणसांना कळतं. किंजल मात्र वेळा सांगते. "तुमी नऊ वाजून दहाला येतो म्हणालात, नऊ चाळीसला आलात, आणि मधे दोनदा फोन कापलात." एवढंच. समोरच्याला वाटतं, यापेक्षा हिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिचं घर आलेवाडीत, मच्छीमारांच्या आळीत. वय एकोणतीस. आयटीआय झाल्यापासून, म्हणजे आठ वर्षं, ती एका कंत्राटदाराकडे कामाला आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत संगणकाच्या नेटवर्कच्या तारा ओढायच्या, छताच्या पोकळीत पोटावर सरपटायचं, टोकांना पिना बसवायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या. तिने ओढलेली तार कुठून कुठे गेली आहे, हे तिला नकाशाशिवाय सांगता येतं.

तरीही स्विचला हात लावायची तिला परवानगी नव्हती. स्विच म्हणजे ती चपटी पेटी, जिच्यात सगळ्या तारा येऊन मिळतात आणि कुणाचा निरोप कुणाकडे जायचा ते ठरतं. त्या पेटीला हात लावायचा तो इंजिनिअरांनी. इंजिनिअर म्हणजे ज्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे ते.

या नियमाने तिला पहिल्यांदा पेटवलं ते एका औषधांच्या कारखान्यात. सकाळी पॅकिंग विभागातले सगळे संगणक एकाएकी गोठले. मुंबईहून दोन इंजिनिअर आले, लॅपटॉप उघडून बसले. किंजल शिडीवर उभी होती. तिला तिथून दिसत होतं की झाडलोट करताना कुणीतरी लोंबकळणारं तारेचं टोक उचलून जवळच्या रिकाम्या भोकात खोचलंय. एकाच तारेची दोन्ही टोकं एकाच पेटीत. निरोप बाहेर जाण्याऐवजी गोल गोल फिरत होते आणि फिरता फिरता वाढत होते. तिने सांगितलं. इंजिनिअरांनी मान वर केली नाही. पावणेतीन तासांनी ती शिडीवरून उतरली, ते टोक उपसून काढलं, आणि मिनिटाभरात संगणक चालू झाले.

अहवालात लिहिलं गेलं, "इंजिनिअरांनी बिघाड दूर केला."

"किंजल, तुझा हात लागला हे कुठे बोलू नकोस हां," तिचा सुपरवायझर सुजीत म्हणाला. सुजीत वाईट माणूस नाही. त्याला फक्त सगळ्यांची भीती वाटते. "सर्टिफिकेट नसलेल्या माणसाने हात लावला हे कळलं, तर आपलं कंत्राट जाईल."

"अकरा वीसला मी सांगितलं. दोन पाचला मी काढलं. मधे तुमी तीनदा चहा मागवलात."

"अगं, तू चिडू नकोस ना."

त्याच आठवड्यात तिने अभ्यासाला सुरुवात केली. नेटवर्कच्या परीक्षेचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि बोईसरच्या भंगारवाल्याकडून दोन जुने स्विच. जेवणाच्या सुट्टीत, तारांच्या रिळांच्या आडोशाला गोणपाटावर बसून ती वाचायची. तिसऱ्या प्रकरणात तिला समजलं की असा गोल फेरा होऊ नये म्हणून स्विचमध्ये मुळातच सोय असते. दोन वाटा दिसल्या की ते आपणहून एक वाट बंद ठेवतात. त्या कारखान्यात कुणीतरी ती सोय बंद करून ठेवली होती. म्हणजे त्या दोघांना पहिल्या पाच मिनिटांत हे तपासता आलं असतं! त्या दिवशी तिचा डबा तसाच घरी आला.

आठ महिने अभ्यास चालला. मग सुजीतनेच बातमी आणली. त्याच औषधांच्या कारखान्यात नेटवर्कच्या खोलीसाठी एक माणूस कायम घेणार होते. "मी तुझं नाव सांगितलंय. पण महिनाअखेरच्या आत सर्टिफिकेट हवं. त्यानंतर ते बाहेरचा माणूस घेतील."

मुंबईच्या केंद्रांवर त्या महिन्यात जागाच शिल्लक नव्हती. राहिली घरबसल्या द्यायची परीक्षा. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कुठल्याशा देशातला पर्यवेक्षक तुमच्यावर नजर ठेवणार. खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको, भिंतीवर अक्षर नको.

किंजलने तारीख निवडली ती भरती-ओहोटी पाहून. उधाणाच्या दिवसांत होड्या समुद्रात असतात, पुरुषमाणसं घरी नसतात, आळीतला निम्मा गोंगाट आपोआप कमी. उरलेला निम्मा काशीबाईने अंगावर घेतला. ती आळीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसली. पाववाला आला, त्याला सायकलवरून उतरवलं, भोंगा काढून ओच्यात ठेवला आणि हाताने खुणावलं, चालत जा. सुकट निवडणाऱ्या बायका तासभर एकमेकींशी डोळ्यांनी बोलल्या. घरात हंसा भिंती रिकाम्या करत होती.

"कॅलेंडर काढलं. देव पण काढू?"

"देव राहू दे. खालची छापलेली आरती झाक."

परीक्षा अकराला सुरू झाली. नवव्या प्रश्नाला पडद्याच्या कोपऱ्यात पर्यवेक्षकाचा निरोप उमटला. प्रश्न मोठ्याने वाचू नका.

किंजलने लिहिलं, मी आवाज करत नाही.

उत्तर आलं, ओठही हलवू नका.

तोवर तिला आपले ओठ हलतात हे ठाऊकच नव्हतं. तिने ते घट्ट मिटले. पण पुढे एक लांबलचक प्रश्न आला. चार राउटर, पाच वाटा, प्रत्येक वाटेचं वेगळं मोल, कुठल्या वाटेने निरोप जाईल आणि एक तार तुटली तर कुठून जाईल. किंजल त्या वाटेने निघाली आणि तिचे ओठही तिच्याबरोबर निघाले. दुसरी ताकीद. एकसष्टाव्या प्रश्नाला तिसरी. मग पडदा पांढरा झाला. तुमची परीक्षा संपवण्यात आली आहे. घड्याळात अकरा बावन्न झाले होते.

ती बाहेर आली तेव्हा काशीबाई तोंडावर पदर धरून बसलेली.

"झालं पण?"

"बंद केली त्यांनी. ओठ हलले म्हणून."

काशीबाईने पदर सोडला. तासभर कोंडलेलं सगळं बाहेर आलं. "म्हंजे आमी समदी तोंडाला कुलूप लावून बसलो, आन तूच बोललीस?"

"बोलली नाय मी. ओठ हलले."

"ओठ हलले म्हंजे बोलणंच झालं की गो! आमच्या घरात भांडण एवढ्यावरच लागतं."

बायका हसल्या. पाववाल्याचा भोंगा त्याला परत मिळाला. किंजल आत गेली आणि तिने तक्रार लिहिली. पहिली ताकीद किती वाजता, दुसरी किती वाजता, त्या वेळी खोलीत काय होतं, तिचे हात कुठे होते, आणि ओठ हलवून माणूस नक्की कोणती चोरी करतो. पत्र दोन पानांचं झालं. ते पाठवल्यावर दोन मिनिटांत उत्तर आलं. तुमच्या पत्राचा आम्ही काळजीपूर्वक विचार केला असून निर्णय कायम आहे.

"माझं पत्र वाचायला सहा मिनिटं लागतात," किंजल आईला म्हणाली. "मी वेळ लावून बघितली. दोन मिनिटांत काळजीपूर्वक काय वाचलं त्यांनी?"

हंसा मोरीत गेली. तिने तिथलं पातेलं जोरात आपटलं.

रविवारी किंजल पालघरला गेली, नामदेव गुरुजींकडे. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथी त्यांनीच शिकवलेलं. गुरुजींनी दार उघडलं, तिला ओळखलं, तोंडभर हसले. ती हसली नाही.

"ओठ हलवून वाचायला तुमी शिकवलंत."

सगळी हकिकत ऐकेपर्यंत गुरुजी उभेच राहिले. मग म्हणाले, "हो, मीच. एका खोलीत दोन वर्ग, त्रेचाळीस पोरं. कोण वाचतंय आणि कोण पुस्तकाआड झोपलंय, हे कळायचं कसं मला? म्हणून म्हणायचो, ओठ दिसले पाहिजेत."

"आन चौथीनंतर ते थांबवायला कोणी सांगायचं होतं?"

"मीच सांगायला हवं होतं. राहून गेलं."

किंजल भांडायला गेली होती. येताना एसटीत तिने आठ-दहा वाक्यं मनात रचून ठेवलेली. चूक कबूल करणाऱ्या माणसापुढे त्यातलं एकही कामी येईना, तिला त्याचाच राग आला. चहा संपवून उठताना ती म्हणाली, "त्रेचाळीस नाय, एकेचाळीस होतो. पाड्यावरची सपना आन अंकुश दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले आईबापाबरोबर. ते परत आलेच नाहीत."

"हजेरीत नावं होती गं त्यांची," गुरुजी म्हणाले.

महिना संपायच्या आदल्या दिवशीची वेळ तिला मिळाली. फी पुन्हा भरली. हातात तीन आठवडेही नव्हते, आणि अभ्यास आता वेगळाच होता. वीस वर्षांची सवय मोडायची होती.

"तोंडात पाणी धर," काशीबाईने उपाय सांगितला. "माझ्या सासूने लग्नानंतर आठ दिस मला तसंच ठेवलं होतं, उलटून बोलू नये म्हणून."

"मग?"

"नवव्या दिशी तिच्याच अंगावर टाकलं."

किंजलने करून पाहिलं. तोंडात पाणी, समोर प्रश्न. ओठ थांबले, पण त्यांच्याबरोबर वाचणंही थांबलं. इंग्रजी वाक्यातला नकार हातातून निसटायचा, 'यापैकी कोणतं नाही' असं विचारलेलं तिला 'कोणतं आहे' असं दिसायचं. ओठांनी उच्चारलेला शब्दच तिच्या डोक्यात उतरत होता. दोन वह्या भिजल्या. तिसऱ्या दिवशी तिने पेला भिंतीवर फेकला. हंसाने तो उचलला, पोचा बघितला, पुन्हा भरून लेकीपुढे ठेवला.

आठव्या-नवव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की वाचताना आपला उजवा अंगठा हलतोय. पायाचा. दर शब्दाला जमिनीवर एकदा टेकत होता. तिने मुद्दाम अंगठ्याने वाचायला सुरुवात केली. एक शब्द, एक दाब. नकार आला की जोरात दाब. दोन दिवसांत वाक्य पुन्हा एकसंध लागू लागलं. चार दिवसांनी तिने पाणी सोडलं. ओठ मिटलेलेच राहिले.

दुसरी परीक्षा आली ती नेमकी भांगाच्या, म्हणजे उधाण ओसरल्याच्या दिवसांत. समुद्राला जोर नाही, होड्या किनाऱ्याला, सगळे पुरुष घरी. कोणी जाळं सांधतंय, कोणी होडीचं इंजिन चालू करून बघतंय. काशीबाई इंजिनवाल्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तिने काय सांगितलं ते कुणी ऐकलं नाही, पण इंजिन बंद झालं आणि दोन तास कुणी पुन्हा चालू केलं नाही.

आत किंजल मिटल्या तोंडाने प्रश्न सोडवत होती. सत्तराव्या प्रश्नापुढे कोपऱ्यात निरोप आला. तुमचा खांदा हलतो आहे. टेबलाखाली काय आहे ते दाखवा.

तिने लॅपटॉप उचलला, कॅमेरा खाली वळवला. लादीवर तिचा अनवाणी पाय होता, दुसरं काही नव्हतं. पाय का हलतो, असा प्रश्न आला.

माझा पाय आहे, तिने लिहिलं.

मिनिटभर काही उमटलं नाही. घड्याळ चालूच होतं. तिला बाहेरून एक मूल रडायला लागल्याचा आणि लगेच दाबलं गेल्याचा आवाज आला. मग अक्षरं आली. ठीक आहे, पुढे चला.

एक वाजायला सात मिनिटं असताना तिने शेवटचं उत्तर दिलं. पडद्यावर निकाल दिसला. ती उत्तीर्ण झाली होती, कमाल गुणांनी नाही, पण हवे त्यापेक्षा एकोणीस जास्त. तिने कॅमेरा बंद झाल्याची खात्री करून घेतली आणि दार उघडलं.

आळीतली माणसं दारादारांत उभी होती. हंसा पुढे झाली आणि म्हणाली, "काय गो?"

"पास."

मग इंजिन, भोंगा, पोरं, बायका, सगळं एकदमच सुरू झालं. काशीबाई तिला मिठी मारून रडली आणि रडता रडता इंजिनवाल्याला म्हणाली, "आता लाव तुझं गुरगुरं." किंजलने सुजीतला सर्टिफिकेट पाठवलं. त्याचा लगेच फोन आला. "सोमवारी कारखान्यात ये, मॅनेजरशी बोलणं झालंय. आता तरी खूश ना?"

"सोमवारी किती वाजता?"

"दहाला."

"दहाला म्हणजे दहाला," ती म्हणाली आणि फोन ठेवून लॅपटॉपपुढे जाऊन बसली.

हंसा भाताचं ताट घेऊन आली. "आता काय लिहितेस?"

"तक्रार. दुसरी."

"अगो, पास झालीस ना तू!"

"मी पास झाले म्हणून त्यांचं बरोबर ठरलं का? पाड्यावरची कोण पोर उद्या बसेल या परीक्षेला. तिचे ओठ हलतील. तिला पंधरा दिवस तोंडात पाणी धरायला कोण सांगेल, काशीबाई?"

हंसाने ताट शेजारी ठेवलं. तिने कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं, आरतीवरचा कागद काढला, आणि लेकीच्या मागे उभी राहून तिला न कळणारी इंग्रजी अक्षरं एकेक करून उमटताना बघत राहिली. पहिलंच वाक्य वेळेने सुरू होत होतं.

"जेवण निवतंय," ती थोड्या वेळाने म्हणाली.

"चार ओळी राहिल्यात," किंजल म्हणाली.