मान हलेपर्यंत

भवानी पेठेतल्या पाणपोईवर उन्हाळाभर एक मावशी बसायच्या. मूळच्या मैंदर्गीकडच्या, त्यामुळे बोलताना मधूनच कानडी यायचं. तांब्या हातभर उंच धरून त्या पिणाऱ्याच्या ओंजळीत धार सोडायच्या. ओंजळ ओठांना लावलेला माणूस बोलणार कसा? म्हणून त्या पाण्याकडे बघायच्याच नाहीत, बघायच्या मानेकडे. मान जराशी हलली की धार बंद. मी घाईत लवकर मान हलवली, तर चिडायच्या. "एवढ्यात साकु? म्हंजे पुरं? लई ऊन हाय, पी की अजून!"

त्यांचा मुलगा कुवेतला होता. त्याची पत्रं मी वाचून दाखवायचो. एकदा त्यानं लिहिलं, 'इथं समुद्राचं पाणी गोडं करून पितात. रस्त्यावर नळ आहेत. वाकून बटण दाबलं की गार पाणी थेट तोंडात. वाढायला कुणी लागत नाही.'

मावशी पदरानं तांब्या पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग पुरं झालं, ते कुनाला सांगतो त्यो?"

"कुणाला कशाला सांगायचं? बटण सोडलं की पाणी थांबतं," मी शहाण्यासारखा हसलो. त्या हसल्या नाहीत.

चार वर्षांनी नोकरीसाठी मीही मस्कतला गेलो. पहिल्याच दुपारी गोदामाबाहेरच्या तसल्याच नळावर वाकलो, बटण दाबून धरूनच पोटभर प्यायलो आणि मान हलवली.

पाणी चालूच राहिलं.