ज्योतीरामनं न केलेली सही

ज्योतीराम लढाईतून परत आला तो उजव्या हाताची दोन बोटं इटलीत ठेवून. पुढं पिंपरीच्या एका कारखान्यात तो फाटकावर राखणीला लागला. पुनावळ्याहून सायकलीनं जाई, कुणाशी फारसं बोलत नसे. मला लिहायची सवय नाही. पण त्याची ही हकिकत मीच लिहायला हवी, कारण तिच्यातला कागद माझ्या हातचा होता.

साल सत्तावन्न. शेजारच्या रानाचा रंगराव दर नांगरटीला विधवा छबूबाईचा बांध कोरायचा. तीन वर्षांत दोन हात जमीन खाल्ली. चौथ्या वर्षी त्यानं बांधालगतची सगळी पट्टीच मागितली. चावडीवर पंच बसले, त्यांत ज्योतीरामही होता.

"देऊन टाकू," सोपानराव पाटील म्हणाले. "गडी गप बसंल. गावात भांडण नको."

माझं अक्षर बरं, म्हणून पट्टी रंगरावाला दिल्याचा कागद मी लिहिला. सह्या होत होत तो ज्योतीरामपुढं आला.

"छबूबाई कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"बाईमाणसाचं चावडीवर काय काम?" रंगराव म्हणाला.

"जमीन तिचीच न्हवं? इंग्रजानं हेच केलं. हिटलरला दुसऱ्याच्या देशाचा तुकडा काढून दिला, आन ज्याचा तुकडा त्याला बैठकीत बसू दिलं न्हाई."

"मग लढला कशाला तुझा इंग्रज? तुझी बोटं फुकट मिळाली म्हणून?" सोपानराव म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो.

"सहा महिन्यांत हिटलरनं उरलेला देशबी गिळला. तवा कळलं, ह्याच्या सहीला किंमत न्हाई. मग इंग्रजानं पोलंडला शब्द दिला. हिटलर तिथंबी घुसला, तवा लढाई. दया आली म्हणून न्हाई, पाटील. पुढची पाळी आपली, हे दिसलं म्हणून." तो सोपानरावांकडं वळला. "छबूबाईच्या पलीकडं कुणाचं रान हाय?"

सोपानरावांचं होतं.

सोपानरावांनी कागद ओढून घेतला आणि टराटरा फाडला. "सरकारी मोजणी आणू. गरीब बाईवर अन्याय नको."

"आत्ता गरीब झाली व्हय ती?" म्हणत ज्योतीराम उठला आणि पायरीवर थुंकला.

मोजणी झाली, बांध जागेवर आला. छबूबाई टोपलीभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन चावडीवर आली आणि सोपानरावांच्या पाया पडली. त्यांनी पडू दिलं. शेंगा सगळ्यांना वाटल्या. ज्योतीरामनं हात पुढं केला नाही.

मी केला. तिनं माझ्या ओंजळीत दोन मुठी जास्तच घातल्या. कागद कुणी लिहिला होता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.